अमावस्येला टेम्पो लगेच मिळतो

पप्पा, तुमची नात अमावस्येला झाली. ऐकून तुम्हाला किती आनंद होईल हे मला माहीत आहे, म्हणून आधी तेच सांगितलं. वजन चांगलं आहे. नाक तुमचं आहे, त्याला आमचा इलाज नव्हता. तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आता ही झोपली की थोडा वेळ मिळतो, त्यात लिहिते आहे. हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका.

भाड्याच्या खोलीतून आपण येरवड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. शेजारच्या काकू आईला बाजूला घेऊन काळजीच्या सुरात काहीतरी सांगत होत्या, आणि तुम्ही गॅसची शेगडी उचलता उचलता म्हणालात, "अमावस्येला टेम्पो लगेच मिळतो." स्कूटरही तुम्ही अमावस्येलाच घेतलीत. शोरूममध्ये आपण सोडून गिऱ्हाईक नव्हतं, चहासुद्धा मिळाला. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा घरातून गेला, पण मुहूर्त मागच्या दाराने येत राहतात, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं, असं तुम्ही तुमच्या पाटबंधारे खात्यातली फाईल वाचून दाखवावी तशा गंभीर आवाजात सांगायचात. दहावीच्या परीक्षेआधी मैत्रिणीने दिलेला काळा दोरा मी पायात बांधला होता. स्वयंपाकघरात जेवायला बसले तेव्हा तो तुम्हाला दिसला. तुम्ही रागावला नाहीत. "पेपर पायाने लिहिणार आहेस का?" एवढंच विचारलंत आणि दुधाच्या पिशव्या कापायची कात्री माझ्यापुढे ठेवलीत. दोरा मीच कापला. पेपर चांगले गेले, त्याचाही मला राग आला होता.

तर, दिलेली तारीख उलटून गेली तरी मला कळा येईनात. हडपसरच्या आमच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं, की बाळाभोवतीचं पाणी कमी व्हायला लागलंय, आता औषध देऊन कळा सुरू करू. उद्या दाखल व्हा, परवा सकाळी सलाईन लावू. मग त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, परवा अमावस्या आहे, बरेच जण नको म्हणतात, मला थांबणं पसंत नाही, पण अगदीच असेल तर एक दिवस बघता येईल. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. आईही तुमच्यामागोमाग गेली, बाळंतपणाला जायला माहेर उरलं नव्हतं, म्हणून त्या डिंक आणि खारका बांधून अकोल्याहून आल्या होत्या. एका दिवसानं काय होते, असं त्या हळूच म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्याकडे अमावस्येला टेम्पो लगेच मिळतो. त्यांना काही कळलं नाही. डॉक्टरांना बहुतेक वाटलं की मी अ‍ॅम्ब्युलन्सबद्दल बोलते आहे. नवरा भिंतीवरचं बाळाचं पोस्टर वाचत राहिला. मला मात्र फार छान वाटत होतं. हा निर्णय पाणी कमी झालं म्हणून घेतला की तुमच्यासाठी, ते मी तेव्हा तपासलं नाही.

आदल्या संध्याकाळी कळा सुरू व्हायला आत जेल ठेवतात, त्याने विशेष काही होत नाही. सकाळी सलाईन लावतात आणि मग ज्या कळा येतात त्यांना दम धरणं माहीत नाही. एक ओसरते न ओसरते तोच दुसरी. पोटावर पट्टा बांधलाय, शेजारच्या यंत्रातून बाळाचे ठोके ऐकू येताहेत. सिस्टर तपासते आणि दुपार झाली तरी पिशवीचं तोंड दोनच बोटं उघडलंय म्हणते. आपल्या घरात कोणी आवाज चढवत नसे, मी तिथे बेंबीच्या देठापासून ओरडते. आत एकालाच थांबू देतात. नवऱ्याला जेवायला पाठवलंय, सासूबाई माझ्याजवळ आहेत. तेवढ्यात ठोके संथ होतात. सिस्टर मला डाव्या कुशीवर वळवते, सलाईन बंद करते, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावते. दुसरी डॉक्टरांना बोलवायला पळते. मला कोणीच काही सांगत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत चाललंय. आणि माझ्या मनात येतं, एक दिवस थांबता आलं असतं. पप्पांच्या एका वाक्यासाठी मी माझं मूल पणाला लावलं. थांबण्यातच धोका होता, हे मला कळत होतं, पण त्या क्षणी कळण्याचा काही उपयोग नव्हता. मी मास्क बाजूला केला आणि सासूबाईंचा पदर ओढला.

"अमावस्या संपली का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जराही अडखळल्या नाहीत. "संपली नं बाई. सकाळीच संपली."

ठोके पुन्हा ठिकाणावर आले. डॉक्टर आल्या, म्हणाल्या, सिझरची तयारी ठेवू, पण जरा वाट बघू. सलाईन पुन्हा हळूहळू सुरू झालं. दिवेलागणीला मुलगी झाली. माझ्या छातीवर ठेवली तेव्हा मला भरून वगैरे आलं नाही. झोपेतून कोणी उठवल्यावर माणूस वैतागतो तशी ती दिसत होती, आणि मला वाटलं, बरोबर आहे, हिला आम्ही उठवलंच आहे.

घरी आल्यावर समोरच्या फ्लॅटमधल्या काकू बघायला आल्या. मी आतल्या खोलीत पाजत होते, दार उघडं होतं. सासूबाई अळिवाची खीर ढवळत होत्या. तिथी कोणती होती हो, असं काकूंनी विचारलं.

"अमावस्या," सासूबाई म्हणाल्या. "रात्रीपर्यंत होती. काहून?"

सासूबाईंनी खीर वाटीत काढली, मला आणून दिली आणि गरम आहे म्हणाल्या. त्या चतुर्थी करतात, शनिवारी नखं कापत नाहीत, आणि माझ्यासाठी त्यांनी तिथी बदलून टाकली. तुम्ही असता तर तुम्हाला त्या आवडल्या असत्या. दोघांनी मिळून माझं डोकं मात्र खाल्लं असतं.

आता ही उठेल, म्हणून राहिलेलं सांगून टाकते. त्या संपली म्हणाल्या तेव्हा माझ्या जिवात जीव आला, पप्पा. तुम्ही दाराबाहेर बसलेले असता, तर तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून मी अगदी हळू विचारलं असतं. पण विचारलं असतं.