सोडलेली ओळ

धसई, मंगळवार, दिवेलागण

आज काशीआत्या सारखी आठवतेय. नात सायली नर्स झाली, आता पुढे मनोरुग्णांची शुश्रूषा शिकायची म्हणते. उद्या होय-नाही कळवायचंय. सूनबाई सकाळपासून धुसफुसतेय.

"येड्यांच्यात राहशील तर तुला करून कोण घेल गो?"

"मलेरियाच्या वॉर्डात होते तवा मी मच्छर झाले का, आई?"

हसलो खरा. मग पोरीला आत्याची गोष्ट सांगितली. आत्या भ्रमिष्ट झाली, भगताचे अंगारे झाले, तरी ती बोलेना, जेवेना. मी ओट्यावर बसून शाळेतली कविता चालीवर घोकायचो. एकदा शेवटची ओळ विसरलो, तर आतून आत्याने म्हटली! मग रोज मुद्दाम सोडायचो. ती ओळ म्हणायची नि दोन घास खायची.

मला तेवढंच जमायचं. त्यापुढचं शिकलेलं माणूस तेव्हा आमच्याकडे कुठं होतं?

सूनबाई आतून ऐकत होती. मघाशी दिवा लावताना तीच कविता ओठांवर आली. सवयीने शेवटची ओळ सोडली.

चुलीपाशी कुणीतरी ती पुरी केली. सायली नव्हे, सूनबाई.

मग म्हणाली, "जा गो. पण सुट्टीला घरी यायचं."