जुना कापूस

सर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. मी तुमच्याच कॉलेजात शिकवते, अजून तासिका तत्त्वावरच. दर जूनला नेमणूक संपते आणि विभागप्रमुखांची मर्जी असली तर पुन्हा मिळते. बाहेर दुसरं काही मिळायचं वय निघून गेलं.

प्राणिगृहातला तो दिवस आठवतो. मी शेवटच्या वर्षाला, आणि अतिउत्साही. उंदरांचे पिंजरे घासून लख्ख केले, भुसा बदलला, घरट्यातला कळकट कापूसही फेकून दिला. सकाळी तुम्ही येडशीहून आलात, तेव्हा एका पिंजऱ्यात चारांतला एक नर चावे खाऊन मेला होता. वाटलं, आता खरडपट्टी निघणार. तुम्ही हळूच म्हणालात, "लई स्वच्छ केलंस गं. ज्या वासानं ते एकमेकांना ओळखत होते, तोच पुसलास. मग कोण मोठा, ते त्यांनी पुन्हा ठरवलं." पिंजऱ्यापाशी उभं करून दाखवलंत तुम्ही: मोठा नुसती शेपूट आपटतो, बाकीचे दबतात. रानात हरलेला पळून जातो, इथं पळणार कुठं? जाळीला धरून वर लटकतो. आणि मार खाल्लेला एखादा आपल्याहून दुबळ्याला चावतो. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं, परीक्षेला येईल म्हणून.

आताचे विभागप्रमुख आवाज चढवत नाहीत. मीटिंगमध्ये पेनचं टोपण टेबलावर वाजवतात, की आम्ही सगळे खाली मान घालतो. गेल्या आठवड्यात यंदाच आलेली मुरुम गावची मुलगी, तीही तासिकेवरचीच, प्रयोगांचं रजिस्टर पुढं सरकवून म्हणाली, "हे प्रयोग झालेलेच न्हाईत सर. मी सही करणार न्हाय." टोपण वाजलं, तरी ती बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्याविरुद्ध तक्रार तयार झाली: उद्धट आहे, तास घेत नाही. त्यावर एका शिक्षकाची सही हवी होती, म्हणून कागद माझ्या टेबलावर आला. ती खरं बोलत होती, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? त्या रजिस्टरवर वर्षानुवर्षं मीच सह्या करत आलेय. मला माझी लाज वाटते, सर.

तुमच्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही, म्हणून तर लिहू शकतेय. त्याच दिवशी दुपारी तिनं डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्या पुढ्यात ठेवली आणि विचारलं, "मॅडम, तुमी बोलताल न्हवं माझ्या बाजूनं?" मी हो म्हणाले. तेव्हा तक्रारीवर माझी सही होऊन दोन तास झाले होते.