प्रांजलचं जाकीट

रविवार, १२ जानेवारी २०२५

ओल्या कपड्यांनीच लिहितोय. अक्षर लागणार नाही. नको लागू दे.

संध्याकाळी पाचला बागेच्या तळ्यात पायडलची बोट उलटली. मायलेकी होत्या. आईचं नाव पूजा, पोरगी प्रांजल, पाच वर्षांची. पाण्यातला पक्षी बघायला पोरगी वाकली, आई तिला धरायला उभी राहिली — संपलं! बोटी सोडायचं काम माझं; मी धक्क्यावरून उडी टाकली. आईनं माझ्या गळ्याला मिठी मारली, तिला आधी काढावं लागलं. पोरगी तिसऱ्या बुडीला सापडली. जलपर्णीच्या मुळ्यांत. छाती दाबली, तोंडानं वारा दिला. फौजेत असताना किती जवानांना पोहायला शिकवलं मी! काय उपयोग? पोरगी गेली.

कारंजं चालूच होतं. गाणीपण. बागेतल्या माणसांनी आरडाओरडा केला, मग कुणीतरी बंद केलं.

सोमवार, १३ जानेवारी

काल एक गोष्ट लिहिली नाही. बोटीत बसताना पूजानं विचारलं होतं, "काका, पोरीच्या मापाचं जाकीट न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "कडंकडंनं फिरवा. काय होत न्हाई."

लहान मापाचं जाकीट आमच्याकडं एकही नव्हतं. कधीच नव्हतं. बोटींचा ठेका नानासोंचा. त्यांना दोनदा सांगितलं होतं. दिवाळीत, आणि परत नाताळच्या सुट्टीत. तिसऱ्यांदा का नाही सांगितलं? आणि जाकीट नव्हतं तर पोरीला बोटीत बसवलं कुणी? मीच ना!

बुधवार, १५ जानेवारी

बाग बंद. गेटला कुलूप. नानासो घरी आले. चहा घेतला.

"नाथाजी, एका जिवाला वाचवलंस गड्या. लोक तुझंच नाव घेत्यात. जबाबात फक्त एवढं म्हण — जाकीट दिलं हुतं, पोरगी रडाय लागली म्हणून आईनं काढलं."

मी म्हणालो, असं झालं नाही.

"मग गुन्हा कुणावर लागंल? बोटीत कुणी बसवलं तिला?"

मग बाहेर बघितलं त्यांनी. माझी अंकिता अंगणात गोळा फेकत होती. पोरीची पोलीस भरतीची मैदानी चाचणी तोंडावर आलीय.

"बाप आत आन पोरगी पोलिसात. कसं दिसंल रं?"



गुरुवार, १६ जानेवारी

जबाबावर सही केली.

रविवार, २६ जानेवारी

बाग उघडली. धक्क्यावर नवीन केशरी जाकिटं टांगलीत. दोन लहान मापाची. मी हात लावला नाही.

फिरायला येणारी माणसं थांबून हात मिळवतात. "आईचीच चूक म्हणायची, न्हाई का?" मी मान हलवतो. मान हलवतो मी! एक जण म्हणाला, "फोटो काढत बसली असंल. ह्या हल्लीच्या बायका!" फोटोचं मी कुठं म्हणालो होतो? मी एक खोटं सांगितलं, लोकांनी त्याला पाय लावले. ते आता माझ्या हातात नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रांजलचा बाप आला होता. अमृत. तिशीचाही नसेल. बाकावर बसला, पाण्याकडं पाठ करून.

"काका, तुमी तिथं हुता. जाकीट तिनंच काढलं ना?"

आता सांगावं. एवढाच क्षण. तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं — "व्हय."

तो उठला. "माहेरी सोडलीया तिला. आता आणत न्हाई." मग वाकून माझ्या पाया पडला. पोरीला पाण्यात राहू दिलं नाही म्हणून!

 

बुधवार, ५ फेब्रुवारी

जेवलो नाही. कामावर गेलो, धक्क्याकडं फिरकलो नाही. बुडून पोरगी मेली, आणि जगलेल्या आईला मी परत बुडवलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अंकितानं विचारलं, "आबा, तुमी जेवत का न्हाई?" सगळं सांगितलं. सहीचं पण, तिच्या भरतीचं पण.

तिनं बुटाची नाडी बांधली. मग म्हणाली, "मी भरती झाले, आन असला जबाब माझ्यापुढं आला, तर मी काय करू आबा?"

 ती रडली नाही, मीच रडलो. बायको गेली तेव्हा पण पोरीसमोर रडलो नव्हतो.

उद्या कडेगावची एसटी धरतो. पूजाचं माहेर तिकडंच आहे. आधी तिला सांगणार, मग पोलीस ठाण्यात. नानासोंना काय करायचं ते करू देत.

शनिवार, १५ फेब्रुवारी

भेटली. निम्मी झालीय. सगळं सांगितलं — जाकीट नव्हतंच, तू मागितलं होतंस, मीच बोटीत बसवलं, जबाब खोटा.

शांतपणे ऐकलं तिनं. मग म्हणाली, "न्हाई काका. मीच काढलं. आठवतंय मला. गळ्याला टोचतंय म्हणून रडत हुती ती."

मी अंकिताची शपथ घेतली.

"खोटी शपथ घिऊ नगा," म्हणाली. "मला जगता यावं म्हणून एवढ्या लांब आलासा. लय मोठं मन हाय तुमचं."