बुटांचं खोकं आणि विसराळू संगणक

कुएन्का, सोमवार

आदरणीय मद्रिना दोन्या एल्विया,

आधी तुमच्या या धर्मपुत्राला आशीर्वाद द्या आणि मगच पुढचं वाचा. वाचून झाल्यावर तुम्ही तो द्याल याची मला खात्री नाही, म्हणून आगाऊ मागून ठेवतो.

गुडघा कसा आहे? तुमची लेक फोनवर सांगत होती की ग्वायाकीलच्या उकाड्यातसुद्धा तुम्ही रोज गॅलरीत काठी टेकत तीन फेऱ्या मारता आणि खालून जाणाऱ्या केळीवाल्याशी वरूनच भांडता. म्हणजे प्रकृती ताळ्यावर आहे. आपल्या गावी, सान क्रिस्पिनमध्ये, तुमच्या मागे सगळं सुरळीत आहे. भाची दुकान वेळेवर उघडते, पोपट अजून शिव्या देतो, आणि तुमचं कॉपी काढायचं यंत्र धडधाकट आहे. (त्या यंत्राबद्दल पुढे सविस्तर येणार आहे, दुर्दैवाने.) तुम्ही बुधवारी सकाळच्या बसने परत येताय असं कळलं, म्हणूनच हे पत्र घाईघाईने ड्रायव्हर रिगोबेर्तोच्या हाती देतोय.

मद्रिना, गेली अकरा वर्षं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगत आलात की आमचा व्हिनिसिओ विद्यापीठात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मी कधी खोडून काढलं नाही, कारण खरं सांगितलं तर तुमचीच मान खाली जायची. मुलं संगणक शिकताना कुठे अडखळतात, याचा मी अभ्यास करतो. (आईला हे एकदा समजावून सांगितलं, तेव्हा तिने विचारलं की मग अडखळलेल्यांना हात का देत नाहीस. मी म्हटलं, तो वेगळा विभाग आहे.) आम्ही मंडळी अडखळलेली मुलं मोजतो, त्यावर इंग्रजीत निबंध लिहितो, आणि तो निबंध जगभरातले आमच्यासारखेच मोजणारे वाचतात. माझा सगळ्यात गाजलेला निबंध एकोणीस जणांनी उघडला. त्यातले बारा जण मीच होतो, बाकीचे किती झाले ते बघायला.

आता आमच्या डीनसाहेबांना, डॉक्टर अबदोन यांना, वरून हुकूम आला की प्राध्यापकांनी विद्यापीठाच्या भिंतीबाहेर प्रभाव पाडावा. कसा पाडावा हे शिकवायला राजधानीतून एक गृहस्थ आले. त्यांनी दोन दिवस आम्हाला कोंडून सांगितलं की मंत्र्यांना भेटा, आईवडिलांशी बोला, मास्तरांना सोप्या भाषेत लिहून द्या, जमलं तर नाचून दाखवा. आम्ही हजेरीच्या कागदावर सह्या केल्या, फोटो काढले, चीज घातलेली भाकरी खाल्ली आणि घरी गेलो. गृहस्थ आमच्यावर पडलेल्या प्रभावाचा पुरावा म्हणून तो हजेरीचा कागद घेऊन गेले. त्यानंतर आठवड्याभरात फॉर्म आला. भिंतीबाहेरच्या कुणीतरी सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचं की या माणसाच्या संशोधनाने आमचं अमुक इतकं बदललं. मुदत येत्या शुक्रवारपर्यंत. पत्र नसेल त्याची नेमणूक पुढे चालू राहणार नाही. मला दोन मुलं आहेत, आणि कॉम्प्युटर दुरुस्त करता येत नाही.

म्हणून शनिवारी मी सान क्रिस्पिनला गेलो. शाळेच्या मुख्य मास्तरीणबाई रोमेलिया तुमच्या कोमाद्रे. त्यांच्या मुलाला बाप्तिस्म्याला तुम्हीच हातावर घेतलंत. मी म्हटलं, ओळखीची बाई आहे, एक सही करून देईल, मी तीनच्या बसने परत. पण शाळेच्या फाटकातच त्यांनी मला पकडलं. "अगं बाई, हा डॉक्टर बघा! किती रे वाळलास! विद्यापीठात काय पुस्तकंच खायला घालतात का?" असं म्हणत त्यांनी माझ्या हातात ताट ठेवलं. बटाट्यांवर आडवा झालेला आख्खा भाजलेला गिनीपिग, आपला कुय, दात विचकून माझ्याकडे बघतोय, वर शेंगदाण्याची चटणी. मी सकाळी सहाला निघालेला, पोटात काही नाही. मी तंगडी उचलली आणि खाल्ली.

तुम्ही आत्ता कपाळावर हात मारून घेतला असेल. मीही मारून घेतला, पण तंगडी संपल्यावर. आपल्या गावात कुणी कुय वाढून ताट पुढे केलं की आधी कशासाठी ते विचारायचं, हे मला पाळण्यात शिकवलेलं. ताट घेतलं म्हणजे शब्द दिला. पण अकरा वर्षं मी उपाहारगृहात ट्रे घेऊन रांगेत उभा राहिलोय, तिथे ताटाचा अर्थ फक्त जेवण असतो. बाईंनी हाडूक खाली ठेवायची वाट पाहिली आणि मग आरोळी ठोकली, "झालं! पाद्रिनो मिळाला!" कुठून तरी ट्रम्पेट वाजला. संगणकाच्या नव्या खोलीला आशीर्वाद द्यायचा समारंभ होता, आणि मी तिचा धर्मपिता झालो होतो.

नवी खोली म्हणजे खोली जुनीच, संगणक नवे. नऊ वर्षांतला हा तिसरा संच. मी आपुलकीने विचारलं की आधीचे दोन का बदलले. बाई दुःखाने म्हणाल्या, "विसराळू निघाले रे. पहिले विसरायचे, दुसरे त्याहून विसरायचे. माझ्या दिराने उघडून पाहिले, म्हणाला स्मरणशक्ती कमजोर आहे." मी हसलो. दिराच्या अज्ञानावर हसलो, मद्रिना. शहाण्या माणसासारखा, तोंडाला हात लावून. तेवढ्यात पाद्रीबाबांनी पवित्र पाणी जरा सढळ हाताने शिंपडलं आणि दारालगतचा एक संगणक जागीच गतप्राण झाला. बाकीचे वाचले.

मग बाईंनी मला मानाच्या खुर्चीत बसवलं आणि कपाटातून एक पुस्तिका काढली. "ओळखलंस का? फक्त आमच्या शाळेतच नाही हं, खोऱ्यातल्या सगळ्या शाळा हेच शिकवतात." पुस्तिकेच्या प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ होती. ती रेघ मी जगात कुठेही ओळखेन. तुमच्या यंत्राच्या काचेवर तुमच्या अंगठीचा ओरखडा गेलाय, त्याची आहे ती. शेवटच्या पानावर दुकानाचा शिक्का. आणि पहिल्या पानावर माझं नाव.

मी सव्वीस वर्षांचा होतो, सुट्टीला गावी आलो होतो, आणि तुम्ही म्हणालात, आपल्या मुलांसाठी काहीतरी लिही. मी एका दुपारी लिहिलं. संगणकात एखाद्या नावाखाली एक आकडा ठेवता येतो. नंतर तिथे दुसरा आकडा ठेवला की पहिला पुसला जातो. हे मुलांना कसं सांगायचं? आपलं गाव चांभारांचं, घरोघरी बुटांच्या खोक्यांची चळत. मी लिहून टाकलं, की ते नाव म्हणजे बुटांचं खोकं समजा. खोक्याचं चित्रही काढलं, झाकणासकट. पहिला आकडा पुसला जातो हे लिहायचं मात्र राहून गेलं, कारण तुम्ही जेवायला हाक मारलीत.

आता सांगा, खोक्यात एक जोड ठेवला आणि मग दुसरा ठेवला, तर पहिला कुठे जातो? कुठेच जात नाही. सान क्रिस्पिनच्या पोराला हे शिकवायला लागत नाही. म्हणून पाच ठेवले, मग सात ठेवले, आता किती, असं विचारलं की आख्खं खोरं एका आवाजात सांगतं, बारा. आणि संगणक म्हणतो, सात. म्हणजे पाच विसरला! बोलवा दिराला, बदला संच.

याच्यापुढचं लिहायला मला खरोखर लाज वाटते. गेली नऊ वर्षं मी याच खोऱ्यातल्या शाळांतून फिरून मुलांना हाच प्रश्न विचारतोय, आणि दहातली सात मुलं बारा म्हणतात हे पाहून थक्क होतोय. त्यावर मी तीन निबंध लिहिले. एकात असा सिद्धांत मांडला की बटाटे वाळवून साठवणाऱ्या डोंगरी लोकांच्या मनाला साठवणुकीची मुळातच ओढ असते, म्हणून त्यांना जुना आकडा टाकवत नाही. (परीक्षकांना बटाटे फार आवडले.) दुसऱ्यात तर मी स्वच्छ लिहिलंय की खोक्याचं उदाहरण मास्तरांनी कधीही देऊ नये. पण ते इंग्रजीत, आणि ज्या नियतकालिकात छापलं ते माझ्यासाठीसुद्धा कुलूपबंद आहे. शाळांमध्ये हे खोकं कुणी आणलं हा प्रश्न मला नऊ वर्षांत पडला नाही. मी वर्गात जायचो, प्रश्नपत्रिका वाटायचो, गोळा करायचो आणि बस पकडायचो. कपाट उघडून पाहिलं नाही.

समारंभात पाद्रिनोला प्रश्न विचारायला एक मुलगी पुढे आली. युलिसा, अकरा वर्षांची, तिचे वडील बुटांचे तळवे शिवतात. तिने हात मागे बांधले आणि म्हणाली, "पाद्रिनो, आमच्या घरच्या खोक्यात दोन जोड मावतात. पण संगणकात ठेवलं की आधीचं जातं. मी वीस वेळा करून बघितलं, वीसही वेळा गेलं. विसरणारं यंत्र एकदा तरी चुकून लक्षात ठेवेल की नाही? मला वाटतं यंत्र बरोबर आहे, खोकंच चूक आहे." बाई पटकन म्हणाल्या, "जा गं, डोकं नको खाऊस त्यांचं." आणि माझ्या कानात सांगितलं की पोरगी हुशार आहे पण हट्टी; परीक्षेत सात लिहून आली, त्या प्रश्नाला शून्य मिळालं, आणि तेवढ्यावरून झेंडा गेला.

झेंडा जाणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगावं असं नाही. शाळेतली पहिली मुलगी शपथेच्या दिवशी देशाचा झेंडा धरते, आणि मग ती म्हातारी होईपर्यंत गाव तिला तीच म्हणून ओळखतं. (तुम्ही धरला होतात. दुकानात फोटो आहे.) यंदा तो नगराध्यक्षांच्या पुतणीकडे गेला, जिने बारा लिहिलं. युलिसाचे वडील तक्रार घेऊन आले तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "ज्याने पुस्तिका लिहिली त्यानेच ती चुकली असं शिक्का मारून लिहून दिलं, तरच मार्क बदलेन." आणि आता तोच लिहिणारा मानाच्या खुर्चीत बसून कुयचं हाडूक लपवत होता. मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, प्रश्न चांगला आहे, अशीच विचारत राहा. पोरीने माझ्याकडे असं पाहिलं की मला तीनच्या आधीचीच बस हवीशी झाली.

आज सकाळी डीनसाहेबांना भेटलो. म्हटलं, साहेब, प्रभाव सापडला, आख्ख्या खोऱ्यात आहे, पण वाईट आहे. त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "डॉक्टर, इथे चांगला की वाईट असा रकानाच नाहीये. किती शाळा, एवढंच विचारलंय. आख्खं खोरं? अहो, मग बक्षिसाला पाठवू की!"

पण मी तत्त्वाचा माणूस आहे. मी ठरवलंय की असलं पत्र घ्यायचं नाही, फॉर्म कोरा द्यायचा. सोबत एक बंद लिफाफा आहे. त्यात माझ्या सही-शिक्क्यानिशी कबुली आहे की पुस्तिका चूक आहे आणि युलिसाचं उत्तर बरोबर. तो तुमच्याजवळ जपून असू द्या. गुडघ्याला तेल लावत राहा.

बाप्तिस्म्याला तुमच्या हातांवर एकदा रडून झालेला आणि पुन्हा रडायच्या बेतात असलेला,
व्हिनिसिओ

ता. क. तत्त्व आपल्या जागी आहेच. पण रोमेलियाबाई प्रभावाचं पत्र द्यायला एका पायावर तयार आहेत. शुक्रवारी सकाळी शिक्का मारते म्हणाल्या. तेवढं तुम्ही घेऊन रिगोबेर्तोच्या हाती पाठवाल का? मीच गेलो तर त्या पुन्हा ताट वाढतील. आणि बंद लिफाफा त्यांना त्यानंतर द्या. आधी मुळीच देऊ नका. माझी कबुली हातात पडली की त्यांचं पत्र पुसलं जाईल. खोकं असतं तर दोन्ही मावली असती.

ता. क. २. भाचीला सांगा, पुस्तिकेच्या कॉपी काढणं कायमचं बंद. मात्र शुक्रवारनंतर. मधल्या काळात डीनसाहेबांनी चौकशीला कुणाला पाठवलं तर चार प्रती समोर दिसलेल्या बऱ्या.

ता. क. ३. बस सुटायला उशीर आहे, म्हणून ड्रायव्हरकडून हे पत्र परत मागून घेतलं आणि बाकावर बसून हे लिहितोय. झेंड्याची शपथ गुरुवारी आहे, मद्रिना. शुक्रवारी झेंडा कपाटात गेलेला असेल. युलिसाच्या आईने निकालाच्या आधीच झेंडा धरायचे पांढरे हातमोजे शिवून ठेवले होते, ते बाई हसत हसत सांगत होत्या. तेव्हा वरचं सगळं खोडा. बुधवारी बसमधून उतरलात की घरी जायच्या आधी, गुडघा दुखत असला तरी, तो बंद लिफाफा रोमेलियाबाईंच्या हातात द्या. त्या चिडतील, मला शिव्या देतील, आणि पत्र काही देणार नाहीत. सोबत आणखी एक कागद आहे, त्यावर खोक्याऐवजी फळा आहे: लिहा, पुसा, दुसरं लिहा. त्याच्या हव्या तेवढ्या कॉपी काढा. माझं नाव नको, तुमच्या दुकानाचा शिक्का पुरे. लोक तुमचंच वाचतात. डीनसाहेबांच्या 'किती शाळा' या रकान्यात मी शून्य लिहीन. बरोबर उत्तराला त्या शाळेत माझ्यामुळे तेवढंच मिळत होतं.