मंदूबाची मुलगी

बाबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला लिहायला बसले ती एका सरकारी दाखल्यापायी. आखातातल्या त्या देशाच्या गृहमंत्रालयाशी माझा संबंध संपला, अशी माझी समजूत होती. तिथून निघताना विमानात मी मनाशी म्हटलं होतं, आता ह्या लोकांच्या खिडकीसमोर मी पुन्हा उभी राहणार नाही. पण इथे रेगेन्सबर्गला जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज केला, दोन वर्षांनी माझी फाईल ज्या बाईंच्या टेबलावर पोचली त्यांनी चार पानं उलटली, आणि विचारलं की कॉलेज संपल्यावर तीन वर्षं तुम्ही त्या देशात शिकवत होता, तर तिथल्या पोलिसांचा दाखला कुठे आहे? सगळ्यांकडे मागत नाहीत तो, ह्या बाईंना हवा होता. मी म्हटलं, मला तिथून निघून वीस वर्षं झाली. "गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे तेच तर, आणि तीन महिन्यांची मुदत देऊन पुढच्या माणसाला आत बोलावलं. मुदतीत कागद आला नाही तर फाईल बंद आणि सगळं पहिल्यापासून.

तुमच्या वेळी मंत्रालयाच्या बाहेर टायपिंगवाले बसायचे, आता सगळं मोबाईलवर आलंय. मंत्रालयाचं ॲप आहे, त्यात हिरवळ आहे, हसरी कुटुंबं आहेत. आत शिरायचं तर तिथला चालू ओळखपत्र नंबर लागतो आणि तिथल्याच सिमकार्डावर येणारा कोड लागतो. म्हणजे तो देश सोडून गेलेल्या माणसाला तिथल्या पोलिसांचा दाखला हवा असेल तर त्याने आधी तिथे राहायला जावं. मी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा बाहेर फेकली गेले, आणि तिन्ही वेळा पडद्यावर तीन चेहरे आले. आमच्या सेवेने तुम्ही किती आनंदी आहात? आम्हा आखातातून जर्मनीत आलेल्या मराठी लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे विचारलं. तिथले निम्मे लोक अजून त्या देशाच्या आरत्या ओवाळतात. तिकडे कसं सगळं डिजिटल, इथे मेले अजून फॅक्स पाठवतात. म्युनिकच्या एका गृहस्थांनी सांगितलं की ताई, वास्ता लावा, म्हणजे वशिला. पंधरा वर्षं त्यांनी तिथे पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवून नोकरी केली, दर वर्षी राहण्याचा परवाना, तो इकामा, वाढवून मिळेल की नाही म्हणून झोप उडवून घेतली, आणि आता इथल्या ट्रेनला दहा मिनिटं उशीर झाला की ह्यांना त्या देशाची आठवण येते. मला अशा लोकांची कीव येत नाही, किळस येते.

शेवटी बर्लिनच्या वकिलातीमार्फत कागदी अर्ज पाठवला. त्यासाठी बोटांचे ठसे हवेत म्हणून इथल्या पोलीस चौकीत गेले, तर ड्युटीवरचा पोलीस सभ्यपणे म्हणाला की आम्ही फक्त संशयितांचे घेतो. ते कसेबसे दुसरीकडून मिळवले. पाच आठवड्यांनी उत्तर आलं, ह्या नावाच्या व्यक्तीने आमच्या देशात कधीही वास्तव्य केलेलं नाही. मी हसत सुटले. मग लक्षात आलं की चूक त्यांची नाही, आपली आहे. मंत्रालयाच्या नोंदीत माझ्या नावाच्या मधोमध तुम्ही आहात. माझ्या पासपोर्टात लग्नानंतर तिथे नवरा आला. आपल्याकडे लग्नात बाईचा बाप काढून नवरा बसवतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इथे जर्मनीत तर ते मधलं नाव माझंच पहिलं नाव धरतात, दवाखान्यात बाई बाहेर येऊन माझ्या नवऱ्याच्या नावाने मला हाक मारतात आणि मी निमूट उठते. तर आता मला सिद्ध करायचं होतं की मी तुमची मुलगी आहे.

तुमची मुलगी असणं मला तेव्हाही फारसं आवडत नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही कंपनीचे मंदूब. लोकांच्या पासपोर्टांची थप्पी बगलेत मारून मंत्रालयाच्या खिडक्यांवर फिरणारा माणूस. मैत्रिणींचे वडील रिफायनरीत नाहीतर बँकेत. शुक्रवारी त्यांच्या घरी बिर्याणी, आणि आपल्या स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत माणसं, प्रत्येकाच्या हातात फॉर्म. आई चहा करून करून वैतागते, तुम्ही चष्मा कपाळावर चढवून एकेकाचं नाव अरबीत लिहून देता, फोटोची मागची बाजू निळी हवी, पांढरी नको, असं पंधराव्यांदा सांगता, आणि मी गणिताची वही घेऊन बाथरूमच्या दाराशी बसते. दहावीला मला पहिला नंबर मिळाला तेव्हा तुम्ही भेट म्हणून काय दिलंत? बटणाचं प्लॅस्टिक फोल्डर. आत माझ्या जन्मदाखल्याच्या दहा झेरॉक्स आणि वीस फोटो, निळ्या पार्श्वभूमीचे. मी ते उघडून बघितलं आणि तुमच्यासमोर पलंगाखाली सरकवलं.

त्याआधी, मी बारा वर्षांची असताना, एकदा तुम्ही मला मंत्रालयात घेऊन गेला होतात, माझ्या इकाम्याचं काहीतरी होतं. एसीत गारठलेला हॉल, काचेमागे मिशी न फुटलेला एक अधिकारी. तो फोनवर बोलतोय, मध्येच खजूर खातोय, तुम्ही उभे. अर्ध्या तासाने त्याने मान वर केली, तुम्हाला 'रफीक' म्हणून हाक मारली, तिथे हमालालाही तेच म्हणतात, आणि फोटो चुकीचा आहे म्हणून पासपोर्ट काचेखालून असा भिरकावला की तो जमिनीवर पडला. तुम्ही वाकलात, पासपोर्ट उचललात, बाहीने पुसलात आणि त्याला म्हणालात, अल्ला तुमच्या हातांना बळ देवो. तिथे काम करणाऱ्या माणसाला असं म्हणायची पद्धत आहे, हे मला माहीत होतं. तरी बाहेर कडक उन्हात मी तुम्हाला विचारलं, "तुम्हाला लाज नाही वाटत?"

तुम्ही घड्याळ बघत होतात. "लाज वाटून घ्यायला वेळ लागतो बाळा," तुम्ही म्हणालात. "खिडकी साडेबाराला बंद होते." आणि फोटोवाल्याच्या दुकानाकडे चालू लागलात.

तर तुमचा इकामा नंबर हवा होता. आईला चिपळूणला फोन केला. तिने कपाट उघडलं नाही की चष्मा शोधला नाही, तिथेच उभ्या उभ्या दहा आकडे म्हणून दाखवले. लग्नाचा दाखला, तुमचा मृत्यूचा दाखला, ही बाई आणि ती बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची भाषांतरं, असं सगळं घेऊन मी मुदत संपायला नऊ दिवस असताना बर्लिनला गेले. काचेमागे पुन्हा एक पोरगाच, फक्त ह्याला मिशी होती. त्याने कागद चाळले आणि सांगितलं की कठीण आहे, आठ आठवडे लागतील. मी भांडणार होते. मला भांडता येतं, इथे मी जर्मनांशीही भांडते. पण तोंड उघडलं आणि आतून आलं ते तुमचं, अल्ला तुमच्या हातांना बळ देवो, तुमच्याच हेलात. पोरगा चमकला, हसला. मीही हसले, मान किंचित तिरकी करून. ते हसू कुणाचं आहे ते मला कळत होतं. त्याने खुर्ची पुढे ओढली, तुमचे दहा आकडे टाकले आणि मंत्रालयात कुणालातरी फोन लावला.

फोन चालू असताना त्याने सहज विचारलं, इतकं छान अरबी, तुमचे वडील आमच्याकडे काय करायचे? फॉर्मवर तो प्रश्न नव्हता. माझ्या उत्तरावर काहीच अवलंबून नव्हतं.

"इंजिनियर होते," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली आणि जन्मतारीख तपासून घ्या म्हणून पडदा माझ्याकडे वळवला. वर तुमचं नाव होतं, फोटो होता, निळ्या पार्श्वभूमीचा. नावाखाली हुद्दा, अरबीत, ठळक अक्षरांत. मला तेवढं वाचता येतं, तुम्हीच शिकवलंत. मी जन्मतारीख बरोबर आहे म्हणाले. त्याने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पडदा सावकाश परत आपल्याकडे वळवला आणि शिक्का मारला.