तोरणमाळला मारलेली हाक

२९ ऑक्टोबर १९९६, मंगळवार. डिंडोली, सुरत

मान डोलावली. एवढंच. वाल्मिक — यांचा धाकटा भाऊ — गावाहून आला, जेवला, यांच्या पाठीमागे उभं राहून समोरच्या भिंतीवरच्या आरशात बघत केस विंचरले आणि विंचरता विंचरता माझा निकाल लावला. "भाऊ, दिवाईले ये नि वहिनीले तठेच ऱ्हाऊ दे. मायनं करनारं कोन शे?" हे ताटावरून उठलेही नाहीत. मान डोलावली नि वरणात भात कालवला.

माय म्हणजे माझ्या सासूबाई, मालतीबाई. पावसाळ्यात पडल्या, खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवर. वाल्मिकची बायको सरला कपाशी वेचायला जाते. त्यांचंही खरं आहे, घरात कोणीतरी हवंच. पण मला एका शब्दानं विचारायचं? लेकीची, ज्योतीची, नववी चालू आहे. मी घरी साड्यांना टिकल्या लावते, ते काम हातचं जाईल. मी काय बोचकं आहे, इथून उचललं नि तिथे ठेवलं?

वर्षभर असंच चाललंय. मी मोरीतून काही विचारते, उत्तर नाही. पाठ करून बसलेले. आधी वाटलं, दमत असतील. लूमच्या खात्यात, कापडाच्या कारखान्यात, दिवसभर उभं राहणं म्हणजे गंमत नाही. पण यांच्या शेजारच्या लूमवरचे पंडितभाऊ आले की दोघांचं कसं रंगतं! खात्यातल्या सवयीनं आवाजही काढत नाहीत, नुसते ओठ हलवतात, हातवारे करतात, हसतात. मुकेपणा तेवढा माझ्या वाट्याला.

शेजारची चंचल म्हणते, "भाभी, माणूस घरात गप्प झाला की त्याचं बोलणं दुसरीकडे खर्च होत असतं." तिच्या जिभेला हाड नाही. झोप मात्र माझी गेली.

३ नोव्हेंबर, रविवार

विचारलं. हे सामान बांधत होते, मी मागे चहा गाळत होते. "ज्योतीची शाळा बुडेल, त्याचं काय?" यांनी एक गाठ मारली. तिच्यावर दुसरी मारली. मी पुन्हा विचारलं नाही. भिंतीशी किती बोलायचं.

७ नोव्हेंबर, गुरुवार. गाव

भुसावळ पॅसेंजरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खाती दिवाळीला बंद झाली की अर्धा खानदेश सुरतेतून उठून घरी निघतो. नंदुरबारहून एसटी. सातपुडा दिसायला लागला तसे हे माझ्याकडे वळले, "तो देख, तोरणमाळना डोंगर." वर्षभरात आपणहून बोललेलं एवढंच. तेही डोंगराबद्दल!

१२ नोव्हेंबर

सासूबाई रडल्या. "मी दोनदा हाक मारी. अंगनमाच बसेल व्हता. वना नही. सुरतनी हवा लागनी त्याले." काय सांगू त्यांना? आम्हा दोघींचं दुखणं एकच आहे, हे सुनेनं सासूला कोणत्या तोंडानं सांगायचं. पाय चेपत बसले.

१३ नोव्हेंबर

उद्या तोरणमाळ. वाल्मिकनं जीप ठरवली. "ज्योतीनी बापना डोंगर देखेलच नही," म्हणे. सरला सासूबाईंजवळ थांबणार. मला कळतं, ही माझी समजूत काढायची सहल आहे. सुई टोचण्याआधी पोराच्या हातात बिस्किट देतात, तशी.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं लिहून टाकते. अक्षर वाईट आलं तरी येऊ दे.

सकाळी निघालो. घाटाच्या त्या सात पायऱ्या म्हणतात, त्या प्रत्येक वळणाला ज्योती माझा हात दाबत होती. वर गार वारा. यशवंत तलाव एवढा मोठा आणि एवढा गप्प की मलाच कसंतरी झालं. आमच्या डिंडोलीत भिंतीपलीकडे कुणाचं ना कुणाचं मशीन चालूच असतं, त्यामुळे सगळे ओरडूनच बोलतात. इथे ज्योती कुजबुजली तरी लांबून ऐकू येत होती. तळ्याकाठानं चालत गोरखनाथाचं दर्शन घेतलं. बाहेर बायका सीताफळं घेऊन बसल्या होत्या. यांनी पिशवीभर घेतली आणि त्यातलं सगळ्यात डोळे उघडलेलं निवडून माझ्या हातात दिलं. अशा माणसावर राग तरी कसा धरावा?

मग सीताखाई. खोल दरी, पलीकडे काळा कडा, पाण्याची एक बारीक धार. वाल्मिक म्हणाला, "हाक मार पोरी, दरी उत्तर देस." ज्योतीनं "बाबा" म्हणून हाक मारली. दरीनं ती परत दिली, पुन्हा दिली. आम्ही सगळे हसलो. हे आधी ज्योतीच्या तोंडाकडे बघत होते, मग वाल्मिकच्या, मग माझ्या. आम्ही हसतोय हे पाहिलं आणि तेव्हा हसले. उशिरा. मला त्या वेळी काही कळलं नाही, नुसतं खटकलं.

परतीची पाऊलवाट कड्याच्या बाजूनं, अरुंद. एकामागे एकच चालता येईल अशी. हे पुढे, मागे मी, वाल्मिक आणि ज्योती बरेच मागे राहिलेले. वाळक्या गवतावरून माझा पाय सटकला, घोटा मुरगळला, मी खालीच बसले. "अहो." हे चालत राहिले. "अहो, ऐकता का?" हात लांब केला असता तर सदरा धरता आला असता, इतके जवळ होते. ना मोटार, ना मशीन. पान पडलं तर कळावं अशी जागा! पाठ तशीच पुढे पुढे. पायातली कळ मस्तकात गेली, तिच्यामागून संताप गेला, आणि उखाण्यात काय घेतलं असेल तेवढंच, एरवी लग्नापासून जे कधी तोंडातून काढलं नाही ते मी साऱ्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडले.

"भटू!"

दरीनं नाव परत दिलं. मागून ज्योतीचा घाबरलेला आवाज, "आई, तू बाबांचं नाव घेतलंस?" वाल्मिक तोंडावर हात ठेवून उभा. हे वळले नाहीत. सीताफळांची पिशवी हलवत सावकाश वळणाआड गेले.

१५ नोव्हेंबर

रागावलेला माणूस नाव ऐकून दुप्पट रागानं वळला असता. यांना ऐकू आलंच नाही.

लूमच्या खडखडाटात उभं राहून कान गेले यांचे. पंडितभाऊंशी रंगतं, कारण तिथे ओठच बोलतात. तोंडासमोर विचारलं की उत्तर मिळतं, पाठीमागून विचारलं की नाही. इतकं साधं. आणि मी वर्षभर यांच्या पाठीशी भांडत बसले! शांत डोंगरावर जावं लागलं मला हे कळायला.

मग वाल्मिकला डोलावलेली ती मान? तो तर यांच्या पाठीमागे उभा होता. म्हणजे यांनी ऐकलंच नव्हतं. कोणी बोलतंय असं वाटलं की हे मान हलवत असतील. मला इथे टाकून जायचं यांच्या मनातच नव्हतं. न्हाणीत जाऊन रडले. हसलेही.

पण करू काय? वाल्मिकला सांगितलं तर गावभर बहिरा भटू, बहिरा भटू होईल. यांना विचारलं तर यांनी झाकलेलं मीच उघडं करणार. आणि गप्प बसले तर मी इथे, आणि हे सुरतेत पर्वत पाटियाच्या नाक्यावरच्या गर्दीत एकटे, मागून ट्रक येतोय हेही न कळणारे. कोणत्याही बाजूनं गेलं तरी आड आणि विहीर.

१७ नोव्हेंबर

फक्त सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "म्हनजे त्यानी मन्हा अपमान नही कया." पोराचे कान गेले, आणि माउलीला आधी तेवढंच समाधान! मग रडल्या. मग माझा हात धरून, "तू जाय सुषमा. मन्हं सरला करी. त्याना मांगे कोनीतरी पाहिजे."

वाल्मिक भडकला. "भाऊनी हा म्हनेल व्हतं." मी कारण सांगितलं नाही, सासूबाईंनीच त्याला दटावलं. सरला भांडी जोरात घासत होती. तिचं काय चुकलं? सासूबाईंना वळतासुद्धा येत नाही आणि मी निघाले. यांनी माझी भरलेली ट्रंक पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि ट्रंक उचलून दारात नेऊन ठेवली.

२३ नोव्हेंबर. डिंडोली

खातं सुरू झालं. आता मी समोर बसून बोलते, ओठ नीट हलवून. यांच्या लक्षात आलंय. मला कळलंय हे यांना कळलंय. आम्ही दोघंही तो शब्द काढत नाही. दवाखान्यात जाऊ म्हटलं तर "कशाले?" म्हणाले आणि सदरा घालून कामावर गेले. गेलेले कान परत येत नाहीत, आणि उरलेले खात्यातच ठेवायला चाललेत. खातं सोडा म्हणायची माझी ऐपत नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज जेवताना धीर केला. समोर बसून विचारलं, "त्या दिवशी वाल्मिकभाऊजी काय बोलले, ते तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं ना?"

यांनी भिंतीवरच्या आरशाकडे बोट केलं. "त्यामा त्यानं तोंड दिसत व्हतं. समदं समजनं व्हतं. तुले कळाना आधी तू गावले निघी जावो, असं वाटे मले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी तोंड फिरवलं. फिरवलेल्या तोंडानंच विचारलं, "मग आता इथेच राहू ना?"

आरशात दिसलं, यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. यांनी मान डोलावली.