एकेचाळीस नंबरची डिश

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची. कवक संग्रहाची नवी सांभाळकरीण, म्हणजे दोन हजार बुरशींची पगारी आया. घरी डब्याला बुरशी येऊ नये म्हणून जीव टाकायचा आणि इथे ती मेली तर माझी हजामत. राहायला प्रयोगशाळेच्या मागची खोली आहे: एक खाट, एक खिडकी, नळाला दिवसभर पाणी. शनिवारी हे चिमणीला घेऊन कायमचे राहायला येतील. खिडकीकडची बाजू आपली, असं आमच्या कन्यारत्नाने फोनवर आजच सांगून टाकलं आहे.

मंगळवार, ४ तारीख
सरांनी काम शिकवलं. तार ज्योतीवर लाल करायची, निवली की जुन्या काचेच्या डिशमधला बुरशीचा कण उचलून नव्या डिशमध्ये ठेवायचा. नंबर डिशच्या तळावर लिहायचा, झाकणावर कधीच नाही, कारण झाकणं बदलतात. आणि डिश नाकाशी न्यायची नाही. पूर्वी सर स्वतःच वासावरून बुरशी ओळखत, असं शिपाई हळूच सांगून गेला.

एकेचाळीस नंबर दुर्मीळ. तिचे बीजाणू ॲबस्ट्रिक्शनने होतात. म्हणजे तंतूच्या टोकाशी आडवा पडदा धरतो, तिथे तो दोरा बांधल्यासारखा आवळत जातो आणि टोकाचा तुकडा सुटून वाऱ्यावर जातो. मागे लगेच नवं टोक तयार. मी म्हटलं, आपल्या संसारासारखंच की, पोर मोठं झालं की मध्ये भिंत घालायची. सर हसले नाहीत. ते उद्यापासून आठवडाभर परगावी आहेत आणि ऑफिसलाही सुट्टी आहे.

बुधवार, ५ तारीख
माती खाल्ली. घाईघाईत सहा डिशचे नंबर झाकणांवर लिहिले, ट्रेला कोपर लागलं आणि झाकणं विखुरली. आता कुठलं कुणाचं? पहिल्याच आठवड्यात सरांना काय तोंड दाखवू? नोकरी गेली तर ही खोलीही जाईल, आणि यांनी तिकडची जागा सोडलीसुद्धा.

मग दार लावून एकेक डिश हुंगली, जुन्या डिशच्या वासाशी ताडून. पाच ओळखल्या. सहावीला वासच येईना, म्हणून चांगला छातीभर श्वास घेतला. नाकात कोरडं पीठ गेल्यासारखं झालं. दोन शिंका आल्या, बस्स. ती एकेचाळीस होती.

गुरुवार, ६ तारीख
उजव्या तर्जनीच्या पेराशी पांढरी रेघ. दुखत नाही, घट्ट अंगठी घातल्यासारखं वाटतं. दुपारपर्यंत दहाही बोटांना रेघा. टोकं बधिर.

डॉक्टरकडे निघाले. दार उघडलं आणि तर्जनीचं टोक सुटून खाली पडलं. रक्त नाही. त्याचं पीठ झालं. वाऱ्याच्या झुळकीसरशी ते उंबऱ्याकडे सरकलं, घाईत असल्यासारखं. मी ते ओल्या फडक्याने पुसलं, दार लावलं, कडी घातली, खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. दवाखान्यात लहान मुलं बसलेली असतात. मला फार भीती वाटते आहे.

शुक्रवार, ७ तारीख
फोनला बोटं कळत नाहीत. नाकाने करून पाहिलं, तेही कळत नाही. हसू आलं, मग रडू. यांचे चार फोन आले. वाजून वाजून थांबले.

ओरडावं तर तोंडातून पांढरं बाहेर पडतं. चिठ्ठी सरकवावी तर कागदावर तेच पीठ. येऊ नकोस, एवढंच चिमणीला सांगायचं आहे — ज्याने सांगेन त्यानेच तिला —

दोनदा भानावर आले तेव्हा खिडकीशी उभी होते. हात खिट्टीवर. वारा हवासा वाटतो, भूक लागल्यासारखा.

शनिवार, ८ तारीख, सकाळ
पेन मुठीत धरून. मनगटाला रेघ. गळ्यालाही.

टेम्पो थांबला. तिचा आवाज.

हे दार वाजवताहेत. चिमणी म्हणते, आई झोपली असेल.

हे फाटकाजवळ राहणाऱ्या शिपायाकडून दुसरी किल्ली आणायला गेले. ती दाराशीच — टॉवेल बाजूला सारून फटीतून बोटं आत घातली आहेत. आई, रागावलीस का, विचारते. नाही गं. नाही. हे लिहिते फक्त, बोलत नाही —

किल्ली लागली. कडी आहे. कडी —

कडी निघालेली आहे. आत मी एकटीच. मीच कधी —

पाठ लावून बसले दाराला. वजनच उरलं नाही अंगात. दार सरकतं आहे.

वीतभर.

चिमणी आधी आत. आई, बोल ना, म्हणते. श्वास रोखून धरला आहे. अजून धरला आहे. अजू—